सहीच्या वरची जागा

मरोळच्या जुन्या कचेरीच्या फाटकाला लागून जी भिंत होती, ती कंबरेएवढ्या उंचीवर जांभळी झाली होती. अंगठा उठवला की माणूस शाई कुठेतरी पुसतोच. कोणी केसांना पुसायचं, कोणी चपलेला, बाकीचे सगळे भिंतीला. दोन-तीन वर्षांनी भिंतीला पिवळा रंग लागायचा आणि महिन्याभरात ती पुन्हा जांभळी व्हायची. त्या भिंतीला पाठ लावून खंडू हिवराळे तीस वर्षं बसत आला होता.

घडीचं टेबल, वर निळं प्लास्टिक, कार्बन पेपर, डिंकाची बाटली, शाईचं पॅड आणि छातीवर परवान्याचा बिल्ला. खंडू जालन्याकडचा, मंठा तालुक्यातला. दहावी करून मुंबईला आला, दोन वर्षं एका कारखान्यात खोके बांधले. तो कारखाना बंद पडला तेव्हा अक्षर बरं आहे म्हणून कोणीतरी त्याला इथे बसवलं. आता निम्मे अर्ज मोबाईलवर होतात. पण मोबाईलवर जे अडकतं ते सोडवायला शेवटी कागदच लागतो, आणि तो कागद लोक खंडूकडूनच लिहून घेत.

त्याची कामाची एक रीत होती. म्हातारी माणसं यायची, त्यांना रांगेत नंबर लावायचा असायचा, नाहीतर घरी नातवंडं एकटी असायची. खंडू त्यांची हकीकत ऐकून घ्यायचा, कोऱ्या कागदाच्या तळापासून तीन बोटं वर पेन्सिलीने बारीक फुली मारायचा आणि म्हणायचा, "इथं करा सही. जावा तुम्ही. लिहून आत देतो मी." माणूस निघून जायचा आणि वरची सगळी जागा खंडू मग सावकाश भरायचा. एकदाही त्याने कोणाच्या सहीवर खोटं लिहिलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता, आणि तो रास्तही होता.

त्या ऑक्टोबरातल्या एका सकाळी नीलाआजी रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला आली. गिरणीकामगाराची विधवा, सत्तरी उलटलेली, एकटी राहायची. खंडू विचारायच्या आतच तिने पॅडवर अंगठा दाबून कागदावर उठवला.

"अगं आजी, नाव काय करायचं ते तर सांग."

"तुला ठाव हाय की. निलाबाई लिवलंय, नीला पायजे. लिव तू, माझी बस जाईल."

भिंतीला अंगठा पुसून ती गेली. खंडू हसला आणि लिहायला बसला.

त्याच दुपारी शिपायाने फाटकावर नोटीस चिकटवली. कचेरी कांदिवलीच्या नव्या सात मजली इमारतीत जाणार होती, दिवाळीनंतर पंधरा दिवसांत. ऊन असं होतं की डिंक लावता लावता वाळत होता. लोक नोटिशीभोवती जमले आणि वाचून झाल्यावर सगळे खंडूकडे वळले, कारण सरकारी कागदाचा अर्थ विचारायचा तो खंडूला, हे तिथे ठरलेलंच होतं.

फाटकाबाहेर तेवीस जणांचं पोट होतं. झेरॉक्सवाला, फोटोवाला, लिंबू सरबत, चपला शिवणारा, चहाच्या टपरीवरची वनमाला आणि तिच्या शेजारी भाकरी-पिठलं विकणारी खंडूची बायको नंदा. तेवीसच्या तेवीस नावं पालिकेच्या यादीत होती. ती यादी करून घ्यायला खंडूनेच चार वर्षं अर्ज केले होते. कचेरी हलली तर यादीतल्या माणसांना नव्या जागी बसू द्यावं, असा ठरावही होता. फक्त तो कोणीतरी पुढे रेटायला हवा होता.

"खंडूभाऊ, आता काय करूचा?" वनमालाने विचारलं. ती मालवणकडची, नवऱ्यामागे टपरी तिनेच चालवली होती.

"अर्ज करायचा. दुसरं काय असतं आपल्या हातात?"

संध्याकाळी राजेश परब आला. पस्तिशीचा, पक्षाच्या वॉर्डातल्या कार्यालयात बसणारा, येत्या महापालिकेला उभा राहणार म्हणून आतापासूनच सगळ्यांना हात जोडणारा. त्याच्या लहानपणी शाळेच्या फी-माफीचा अर्ज खंडूनेच लिहिला होता. राजेशचा राबता कायम या फाटकावर असे, कारण अख्खा वॉर्ड दाखल्यासाठी इथे यायचा. पाणी, गटार, घर, सगळ्यांची गाऱ्हाणी इथे आयती ऐकायला मिळत. कचेरी गेल्यावर हा चव्हाटा मोडणार आणि मतं शोधायला दारोदार फिरावं लागणार, हे त्यालाही कळत होतं. म्हणून तो आपल्या बाजूचाच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं.

"काका, कचेरी थांबवणं आपल्या हातात नाय," राजेश म्हणाला. "पण नव्या जागेत तेवीस जणांना बसवायचं, हे मी करून देतो. फक्त सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. एकेकाचा वेगळा कागद."

"मी लिहितो की आज रात्रीत."

"काका, तुमचं अक्षर झकास आहे, वाद नाय. पण वर टाईप केलेलं लागतं आता. कलमं टाकायला लागतात. आपला वकील लिहील ना मजकूर. तुम्ही सह्या घेऊन द्या, कोऱ्यावर. तुमच्या हातची फुली असली की लोक बिनधास्त करतील."

खंडूला आत कुठेतरी टोचलं. तीस वर्षांत वरची जागा दुसऱ्या कोणी भरली नव्हती. पण वकील म्हटल्यावर त्याने मान डोलावली. दहावी शिकलेल्या माणसाने वकिलाच्या मजकुराला काय नाव ठेवायचं?

दुसऱ्या दिवशी त्याने तेवीस कागद घेतले, तळापासून तीन बोटं मोजून फुल्या मारल्या आणि एकेका टपरीवर गेला. कोणी काही विचारलं नाही. सरबतवाल्याने ओले हात पँटला पुसून सही केली. वनमालाने चहा गाळता गाळता केली, लांबलचक, शेवटी वर शेपूट ओढलेली. नंदा पिठाने भरलेले हात धुऊन आली. लग्न झालं तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. तिशीत, याच टेबलाशी बसवून, खंडूने तिला तिचं नाव शिकवलं होतं. तेवढंच तिला लिहिता यायचं. ओठ मिटून, एकेक अक्षर कोरल्यासारखं, तिने लिहिलं: नंदा खंडू हिवराळे.

"नीट आलंय ना?"

"एक नंबर," खंडू म्हणाला. त्याने स्वतःच्या कागदावर सही केली आणि गठ्ठा राजेशला नेऊन दिला.

दिवाळी झाली. कचेरीतली कपाटं ट्रकमध्ये चढू लागली. जुन्या दप्तरांची धूळ फाटकाबाहेर येऊन नंदाच्या पिठल्यावर बसायची, म्हणून ती परातीवर ओलं फडकं टाकून ठेवी. गिऱ्हाईक रोज कमी होत होतं. राजेश फोनवर म्हणायचा, "होतंय काका, प्रोसेस चालू आहे."

वनमालाला धीर धरवला नाही. एका सोमवारी ती एकटीच वॉर्ड ऑफिसला चौकशीला गेली. दुपारी परतली ती थेट टपरीत शिरली, स्टोव्ह पेटवला, चहा केला आणि रोजच्यासारखा ग्लास आणून खंडूच्या टेबलावर ठेवला. मग कमरेची पिशवी उघडून एक झेरॉक्स त्याच्यापुढे टाकली.

"ही माझीच सही मा?"

शेपटीवाली सही होती. वर टाईप केलं होतं, की मी स्वखुशीने माझी जागा सोडत आहे, नव्या कार्यालयाजवळ मला जागा नको, आणि पुढे माझा कसलाही हक्क राहणार नाही.

खंडूने तो कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्याला अक्षरं दिसेनात.

"तेवीस आसत असे," वनमाला म्हणाली. "साहेबान दाखवल्यान. नव्या ठिकाणच्या जागा कांदिवलीच्या पक्षाच्या माणसांका देऊक काढल्यानी. मी साहेबाक म्हटलंय, आमी असा लिवलेला नाय. तो म्हणता, सही तुमची नाय काय? आता काय सांगू मी त्याका?" ती रडत नव्हती. "गुरुवारी सुनावणी आसा. खंडूभाऊ, मी तुझी फुली बघून सही केलंय."

चहा तसाच राहिला. त्या ग्लासानंतर टेबलावर चहा आला नाही.

मंगळवारी सकाळी खंडू आला तेव्हा त्याचं टेबल सावलीतून ओढून उन्हात ठेवलेलं होतं. कोणी ठेवलं ते त्याने विचारलं नाही. झेरॉक्सवाला येऊन आपल्या पोरीच्या दाखल्याची फाईल परत घेऊन गेला. सरबतवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्याला बरोबर मिळाली असेल जागा. आपली वाट लावून." खंडू दिवसभर उन्हात बसून राहिला. त्या दिवशी त्याने एक ओळसुद्धा लिहिली नाही.

घरी तो जेवला नाही. चाळीतली दहा बाय दहाची खोली, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली नंदाची पिठाची कोठी. नंदाने ताट झाकून ठेवलं आणि त्याच्यासमोर बसली.

"माझाबी तसलाच कागद हाय ना?"

"हाय."

"वाचून दाखवा."

"काय वाचायचं त्यात. वनमालाच्या कागदावर हाय तेच."

"माझ्या नावावर काय लिवलंय ते मला ऐकायचंय. वाचा तुम्ही."

खंडूने मजकूर म्हणून दाखवला. त्याला तो एव्हाना पाठ झाला होता. स्वखुशीने, नको, हक्क राहणार नाही. नंदा मान खाली घालून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "आणि खाली माझं नाव."

"हो."

"आयुष्यात तेवढंच लिवायला शिकले मी." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही शिकवलं म्हणून. अंगठा असता तर म्हटलं असतं, अडाणी हाय, फसवली. आता कोण ऐकणार?"

खंडूला लाज वाटली, अशी की अंग आक्रसून जावं. तीस वर्षं तो स्वतःला खरा माणूस समजत आला होता. लोक त्याच्या भरवशावर कोऱ्यावर सह्या करत, यात त्याला आपला मोठेपणा दिसत होता. ती सवय त्यानेच लोकांना लावली होती. राजेशने फक्त तिचा फायदा घेतला.

बुधवारी संध्याकाळी राजेश स्वतः घरी आला. चपला बाहेर काढून, वाकून आत. नंदाने पाणी दिलं आणि कोपऱ्यात पीठ चाळत बसली.

"काका, मला पण वरून सांगितलं, माझा इलाज नव्हता. तिकीट पाहिजे तर कांदिवलीवाल्यांचं ऐकायला लागतं. तुमचं मी बघितलंय. नव्या इमारतीत फाटकाच्या आत, छपराखाली, पहिलं टेबल तुमचं. परवाना चालू. काकींना पण बाजूला बसवू."

"आणि बाकीचे एकवीस?"

"त्यांचं बघू पुढे. उद्या सुनावणीत तुम्ही फक्त गप्प राहा. बोललात तर काय बोलणार? की मी कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या?" राजेशने आवाज खाली आणला. "मग साहेब विचारेल, नेहमी घेता का? पहिला तुमचाच बिल्ला जाईल काका. मी दम नाय देत. तुमच्या भल्याचं सांगतोय."

चाळणीचा आवाज थांबला होता.

"राजेश," नंदा म्हणाली, "फी-माफीचा अर्ज लिवला तेव्हा तुझी आई आली होती. तिने पण कोऱ्यावर अंगठा दिला होता. ह्यांनी त्यावर काय लिवलं, ठाव हाय ना तुला?"

राजेशने ग्लास खाली ठेवला आणि चपला घालून निघून गेला.

गुरुवारी पहाटे खंडूने पांढरा कागद काढला. आधी तारीख, मग विषय, मग मजकूर. एक खाडाखोड नाही. लिहून झाल्यावर सही न करता त्याने नंदाला समोर बसवलं आणि सबंध वाचून दाखवलं. मी खंडू हिवराळे, अर्ज लिहिणारा, सत्य सांगतो की तेवीस सह्या मी कोऱ्या कागदांवर घेतल्या. मजकूर नंतर टाईप झाला. सही करणाऱ्या कोणालाही तो माहीत नव्हता. चूक माझी आहे, त्यांची नाही.

"परवाना जाईल," खंडू म्हणाला.

"जाऊ द्या. भाकरी थापायला दोन हात कमीच पडतात मला." मग तिने कागदावरून हात फिरवला. "वाईट वाटतंय मला. तुमचं अक्षर चांगलं हाय."

त्याने सही केली.

वॉर्ड ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली, बाकावर सगळे बसले होते. खंडू आत आला तेव्हा बाकावर सरकून जागा कोणी दिली नाही. तो दाराशी उभा राहिला. राजेश अधिकाऱ्यांच्या टेबलाजवळ खुर्चीवर होता.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी एक बाई होत्या, चष्मा लावलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी खंडूचा कागद वाचला आणि वर बघितलं.

"हे तुम्ही आज म्हणताय. कशावरून?"

खंडू पुढे गेला. "बाईसाहेब, सहीखाली पेन्सिलीची फुली आहे. तेवीस कागदांवर, तळापासून तीन बोटांवर. मी मारलेली. मजकूर आधी असता तर सही मजकुराच्या लगेच खाली आली असती. इथं बघा, काही कागदांवर मध्ये चार ओळींची मोकळी जागा आहे. आणि वनमालाताईंचा कागद उजेडात धरा. त्यांच्या सहीचं शेपूट वर जातं. शेवटच्या ओळीची छपाई त्या शेपटावर चढली आहे. सहीची शाई खाली आहे आणि छपाई तिच्यावर."

बाईंनी कागद खिडकीकडे धरला. बराच वेळ बघितलं. मग दुसरा धरला, तिसरा. राजेश मोबाईल बघत होता.

"कोऱ्या कागदावर सह्या घेणं ही तुमची नेहमीची पद्धत आहे?"

वनमाला त्याच्याकडे बघत होती.

"होय," खंडू म्हणाला. "तीस वर्षं."

"हे मला कळवावं लागेल. परवाना राहणार नाही तुमचा."

"ठाऊक आहे मला."

त्याने बिल्ल्याची टाचणी काढली. तिथे मागितलाही नव्हता कोणी, पण त्याने तो टेबलावर ठेवला. शर्टावर जिथे बिल्ला असायचा तिथलं कापड बाकीच्या शर्टापेक्षा निळं राहिलं होतं.

तेवीस कागद रद्द झाले. बावीस जणांना नव्या जागी बसायची चिठ्ठी मिळाली. खंडूचं नाव अर्ज लिहिणारा म्हणून यादीत होतं, ते कटलं. जिना उतरताना सरबतवाला मागे रेंगाळला, मग त्याने खंडूच्या हातातली पिशवी घेतली आणि बसस्टॉपपर्यंत नेली.

पुढे निवडणूक झाली. राजेश निवडून आला. त्याच्या मिरवणुकीचा ट्रक जुन्या कचेरीवरून गेला तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि बघायला कोणी नव्हतं.

आता खंडू आणि नंदा पहाटे साडेपाचला पिठाची गोणी आणि परात घेऊन मरोळहून निघतात, दोन बस बदलून कांदिवलीला पोचतात. नव्या इमारतीला काचा आहेत, फरशीच्या भिंती आहेत आणि कोणी भिंतीला टेकलं तरी वॉचमन शिट्टी मारतो. खंडू कांदा चिरतो, पाणी आणतो, भांडी घासतो. पाण्याने त्याच्या बोटांची शाई गेली. ते हात त्याला पहिले काही दिवस आपले वाटले नाहीत. वनमाला रोज सकाळी चहाचा ग्लास त्याच्यापुढे ठेवते. त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

फेब्रुवारीत नीलाआजी आली. तिला हयातीचा दाखला द्यायचा होता. मरोळहून इतक्या लांब ती पहिल्यांदाच आली होती, दोनदा चुकली होती, पाय सुजले होते. खंडूला बघून तिचा जीव भांड्यात पडला. पदराखालून तिने कोरा कागद काढला. त्याच्यावर अंगठा घरीच उठवून आणला होता, तळापासून तीन बोटं वर.

"लिव रे बाबा. जिती हाय म्हणून लिव. मी जरा बसते."

खंडूने तो कागद हातात घेतला. एवढ्या लांब, बसमध्ये, सुरकुती पडू न देता आणलेला.

"आजी, मी नाही लिहीत आता. परवाना नाही."

"मग?"

त्याने हात धुतले, तिला धरून फाटकाच्या आत नेलं. छपराखाली पहिल्या टेबलावर सिद्धेश नावाचा अर्ज लिहिणारा बसला होता. खंडूने तिचा कोरा कागद घडी करून फाडला आणि तुकडे खिशात घातले. आजी बघतच राहिली. सिद्धेशने नव्या कागदावर अर्ज लिहिला आणि पॅड पुढे सरकवलं. "लावा अंगठा." आजीने हात पुढे केला. खंडूने तो मनगटाला धरून थांबवला.

"आधी वाचून दाखवतो."

"कशाला रे? तू हायस ना."

"मी आहे म्हणूनच ऐक."

तिला ते काही कळलं नाही, पण ती बसली. आजीमागे पाच माणसं रांगेत चुळबुळ करत होती. खंडूने कागद दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचायला सुरुवात केली. मी, नीला, वय त्र्याहत्तर, राहणार मरोळ, आज रोजी हयात आहे. मध्येच बाहेर बसचा हॉर्न वाजला आणि एक ओळ त्यात बुडाली. आजीने मान हलवली, कळलं म्हणून.

"नाही ऐकू आलं तुला," खंडू म्हणाला, आणि त्याने परत पहिल्यापासून वाचायला घेतलं.